हरलो तरी शेपूट हलतंच!

क्रिकेटवेडी पोरगी, भाड्याचा फ्लॅट आणि मैदानावरून उचलून आणलेलं चार महिन्यांचं पिल्लू. या तिघांचं जमतं का? जमतं बॉस! पण टी-ट्वेंटीच्या स्पीडनं नाही, कसोटीच्या सबुरीनं...

२४ मार्च २०२४. अहमदाबाद. एक लाख बत्तीस हजार माणसं मावतील एवढं अवाढव्य स्टेडियम. गुजरात टायटन्स विरुद्ध मुंबई इंडियन्स. मॅच चालू असताना अचानक मैदानात एंट्री झाली एका कुत्र्याची. पब्लिक खूश! आणि मग स्टँडमधून आवाज सुरू झाला, ‘हार्दिक, हार्दिक!’ गुजरात सोडून मुंबईचा कॅप्टन झालेल्या हार्दिक पंड्यावर राग होता ना, तो असा निघाला. कुत्र्याला हुसकावताना लाथा घातल्याचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरत होते, तो भाग वेगळाच.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन. वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर, दक्षिण आफ्रिकेला हव्यात सोळा रन आणि बॉल हार्दिकच्या हातात. पहिल्याच बॉलवर सूर्यकुमार यादवनं बाउंड्रीवर डेव्हिड मिलरचा तो कॅच घेतला आणि आपण सात रननी जिंकलो. ४ जुलैला वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. तेच वानखेडे, जिथं एप्रिलमध्ये त्याची हुर्यो उडवली जात होती आणि टॉसच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून पब्लिकला ‘नीट वागा’ म्हणून सांगावं लागलं होतं.

आता मला सांगा, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सभ्य कोण वागलं? माझं मत विचाराल तर, ते अहमदाबादचं कुत्रं. त्यानं कुणाला शिवी दिली नाही, कुणाची जर्सी जाळली नाही. ते आलं, पळालं आणि गेलं.

मी फॅन आहे. कट्टर वगैरे म्हणतात ना, त्यातली. पण गेल्या काही महिन्यांत माझ्या फॅनगिरीला एक कोच मिळालीये. चार पाय, तपकिरी रंग, पुढचा डावा पंजा पांढरा. नाव गली.

फिल्डिंग पोझिशन : गली

नावाचं असं झालं. आमच्या भागातल्या एका मैदानावर सकाळी पोरांची नेट्स चालतात. मी ऑफिसला जाण्याआधी तिथं राउंड मारायला जायचे. जुलैमध्ये तिथं एक पिल्लू दिसायला लागलं. पिचच्या कडेला, ऑफ साइडला, बरोब्बर जिथं गलीचा फिल्डर उभा राहतो तिथं ते बसायचं. बॉल कडेनं गेला की मान वळवायचं. पळायचं नाही, भुंकायचं नाही. फक्त बघायचं. माझ्यासारखंच.

मैदानाची देखभाल करणारे मामा त्याला चहाबरोबरची बिस्किटं घालायचे. एक दिवस म्हणाले, ‘‘ताई, ही रोज हितंच बसती. सीझन बॉल हाय. एक दिवस डोक्यात बसंल आन् जाईल बिचारी.’’

एवढंच वाक्य. पण ते डोक्यातून जाईना.

४ ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर सिराजनं ती अशक्य मॅच सहा रननी काढून दिली. त्याच आठवड्यात शनिवारी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, मी रिक्षात बसून गलीला घरी घेऊन आले. रिक्षावाल्या काकांनी आधी नाक मुरडलं, मग सिग्नलला मागं वळून विचारलं, ‘‘नाव काय ठेवलं?’’ ‘‘गली.’’ ‘‘गल्लीतली म्हणून?’’ तसंही चालेल की!

सातारला फोन केला तर आईचं पहिलं वाक्य : ‘‘आधी स्वतःचं जेवण वेळेवर कर. मग कुत्री-मांजरं आण.’’ बाबांचं दुसरंच : ‘‘कुठल्या जातीचं आहे गं?’’ म्हटलं, ‘‘देशी.’’ ‘‘हां, मग ठीक. आजारी कमी पडतं.’’

बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आपल्या रस्त्यावरचा देशी कुत्रा हा या हवेत, या उन्हात, या पावसात घडलेला आहे. त्याचे केस आखूड, अंगकाठी सडपातळ. बर्फातल्या हस्कीला पुण्याच्या एप्रिलमध्ये एसी लावून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण ‘देशी म्हणजे काही करावं लागत नाही’ हा समज मात्र साफ खोटा. लशी त्याच, जंताचं औषध तेच, गोचिडांचा त्रासही तोच. पहिल्या महिन्यात डॉक्टरांच्या बिलानं माझं ओटीटी, शॉपिंग आणि दोन वीकएंड गिळले.

पॉवर प्लेमध्ये विकेट नको

कुत्रं दत्तक घेणाऱ्यांच्या जगात तीन-तीन-तीन असा एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस ते घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचं रुटीन कळतं आणि तीन महिन्यांत ‘हे माझं घर’ असं वाटायला लागतं. शास्त्र नाही, अनुभवाचा ठोकताळा. पण आमच्याकडे तो टाइमटेबलसारखा चालला.

पहिले तीन दिवस गली सोफ्याखाली. पुण्यात ऑगस्ट म्हणजे ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा महिना. संध्याकाळी टोल पडला की ती आणखी आत सरकायची. मी जमिनीवर पालथी पडून तिच्याशी गप्पा मारायचे. रूममेट म्हणाली, ‘‘तू सोफ्याशी काय बोलतेस?’’ डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओढून बाहेर काढायचं नाही, मांडीवर घ्यायचा हट्ट करायचा नाही. खाणं जवळ ठेवायचं आणि आपण आपलं काम करत बसायचं. ओपनर कसा पहिल्या तासात ऑफ स्टंपच्या बाहेरचे बॉल सोडून देतो, तसं. रन नको, फक्त टिकायचं.

चौथ्या दिवशी नाक बाहेर आलं. पाचव्या दिवशी माझा एक सॉक्स गेला. सहाव्या दिवशी चार्जरची वायर. नशीब, प्लगमध्ये नव्हती! तीन आठवड्यांत कळलं, की सकाळी साडेसहाला ती दाराशी जाऊन बसते आणि मी उठेपर्यंत एकटक बघत राहते. अलार्मला स्नूझ असतो, गलीला नाही.

आणि तीन महिन्यांनी? ऑफिसातून आल्यावर जे स्वागत होतं ना, ते बघून वाटतं, आपणच वर्ल्ड कप घेऊन आलोय. महेंद्रसिंग धोनीनं एकदा सांगितलं होतं, की त्याच्या घरी कुत्रे आहेत आणि तो सिरीज हरून गेला तरी ते त्याच्याशी तसेच वागतात. तेव्हा ते वाक्य कॅप्टन कूलचा आणखी एक डायलॉग वाटलं होतं. आता कळतंय, तो फॅन लोकांबद्दल बोलत होता!

कसोटी हाच खरा डॉग-फ्रेंडली फॉरमॅट

आता थोडं वादग्रस्त मत. कुत्रं असलेल्या माणसासाठी जगातला सर्वोत्तम खेळ म्हणजे कसोटी क्रिकेट. हसू नका! लंच चाळीस मिनिटं, टी वीस मिनिटं. लंचमध्ये दोन वेळची पोळी-भाजी आणि एक मोठा राउंड होतो, टीमध्ये छोटा. टी-ट्वेंटीत आहे का अशी सोय? अडीच मिनिटांच्या टाइमआउटमध्ये तिसऱ्या मजल्यावरून खाली जाऊन येता येत नाही. फुटबॉलचा हाफटाइम पंधरा मिनिटांचा, तो जेमतेम पुरतो. कबड्डीत तर श्वास घ्यायलाही वेळ नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीत पहिल्यांदाच कसोटी झाली. ईशान्येकडे सूर्य लवकर मावळतो, म्हणून खेळ सकाळी नऊला सुरू आणि चहा आधी, जेवण नंतर! देशभर जोक्स झाले. आमच्या घरी मात्र गलीचं टाइमटेबल पार विस्कटलं. अकरा वाजता वीस मिनिटांचा राउंड मिळाल्यावर तिला वाटलं झालं आजचं. मग दीड वाजता परत पट्टा काढला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. लॉटरीच!

त्या सिरीजबद्दल मात्र काय बोलणार? कोलकात्यात १२४ चं टार्गेट होतं आणि आपण ९३ वर आटोपलो. गुवाहाटीत ४०८ रननी हरलो. रन्सच्या हिशेबात भारताचा कसोटीतला सगळ्यात मोठा पराभव. त्याआधी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरनं १३ विकेट्स काढल्या आणि घरच्या मैदानावर सलग १८ सिरीज जिंकण्याची आपली साखळी तुटली. त्या दिवशी मी आणि ग्रुपमधले सगळे दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. प्रत्येकानं एकेका प्लेयरला ‘रिटायर’ करून टाकलं होतं.

गुवाहाटीनंतरही ग्रुपवर तेच चाललं होतं. याला काढा, त्याला काढा, कोचला घालवा. मी फोन बघत बसले होते आणि गली पट्टा तोंडात धरून समोर उभी. ४०८ काय आणि ८ काय, तिला फरकच नाही. राउंड म्हणजे राउंड. खाली उतरलो, टेकडीकडे गेलो. परत आले तेव्हा ग्रुपवर एकशे बारा मेसेज होते. एकही वाचला नाही. खरं सांगते, इतकं छान वाटलं!

म्हणजे मी मत द्यायचं सोडलंय का? अजिबात नाही. घरच्या मैदानावर दोन दिवसांत वळणाऱ्या विकेट्स बनवायच्या आणि मग आपलेच बॅट्समन स्पिनला आउट होतात म्हणून रडायचं, हे मला पटत नाही. ते मी चारचौघांत ओरडून सांगेन. पण टीम चुकली म्हणणं वेगळं आणि हरला म्हणून माणसाला कुत्र्यासारखं... छे, ही म्हणच आता बदलायला हवी!

निळी जर्सी दिसते, लाल बॉल नाही

गलीला मॅच दिसते का? हा प्रश्न मला हमखास विचारतात. उत्तर : थोडी थोडी. कुत्र्यांना आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. निळा आणि पिवळा त्यांना छान कळतो. लाल आणि हिरवा मात्र जवळपास एकसारखाच, मळकट. म्हणजे बघा, हिरव्या गवतावरचा लाल बॉल गलीसाठी गायब! वासावर आणि हालचालीवर ती तो शोधते. म्हणून खेळायला पिवळा किंवा निळा बॉल घ्यावा. आणि सीझन बॉल तर नकोच, दात तुटतील. टेनिस बॉलसुद्धा फेकाफेकीपुरताच. दिवसभर चघळत बसलं, तर त्या खरखरीत कापडानं दात झिजतात.

यातून निघणारा निष्कर्ष मी ग्रुपवर टाकलाय : आयपीएलमध्ये कुत्र्यांना मुंबई आणि चेन्नई नीट दिसतात, बेंगळुरूची लाल जर्सी दिसत नाही. ग्रुपमधला एकमेव बेंगळुरू फॅन अजून भडकलेला आहे.

फिल्डर म्हणून मात्र कुत्र्यांचं रेकॉर्ड तगडं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडमधल्या महिलांच्या टी-ट्वेंटी सेमीफायनलमध्ये डॅझल नावाचं कुत्रं विकेटकीपरचा थ्रो पळवून मैदानभर धावलं. आयसीसीनं त्याला चक्क ‘डॉग ऑफ द मंथ’ जाहीर केलं. आपल्याकडे १७ नोव्हेंबर २०१६ ला विशाखापट्टणमच्या कसोटीत कुत्र्यानं खेळ असा थांबवला, की अंपायरनी चहाच लवकर घेतला. तेव्हा चेतेश्वर पुजारा शतकाला तीन रन कमी होता. बिचारा पुजारा! पण तो पुजारा होता. चहा प्यायला, परत आला, शतक पूर्ण केलं.

घरमालक, सेक्रेटरी आणि डीआरएस

इथवर वाचून वाटेल, की सगळं मस्त चाललंय. थांबा. सप्टेंबरच्या शेवटी घरमालक काकांचा फोन आला. ‘‘बिल्डिंगमधून तक्रार आहे. करार डिसेंबरमध्ये संपतोय. रिन्यू करायचा असेल तर कुत्रं ठेवता येणार नाही.’’ आवाज शांत, त्यामुळं जास्त भीती वाटली.

त्या रात्री मी आणि रूममेट बसून नियम शोधत होतो. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूनं, आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची, त्याचा इतरांना त्रास होऊ द्यायचा नाही, लशी वेळेवर द्यायच्या. पण हे झालं सोसायटीचं. घरमालकाशी केलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार ही वेगळी गोष्ट. तिथं कायद्याचा कागद नाचवण्यापेक्षा बोलणं बरं, असं रूममेट म्हणाली. ती आमच्या घरातली थर्ड अंपायर.

मग तक्रार नेमकी काय, ते विचारायला गेले. दोन गोष्टी निघाल्या. एक, गली मॅचच्या रात्री भुंकते. ती भुंकत होती खरी, पण २८ सप्टेंबरला, आशिया कपच्या फायनलला, तिलक वर्मानं पाकिस्तानविरुद्ध मॅच काढून दिल्यावर पार्किंगमध्ये फटाक्यांची माळ लागली तेव्हा. माणसं ओरडत होती, फटाके वाजत होते आणि तक्रार आली कुत्र्याची! दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलाला पूर्वी रस्त्यावरचा कुत्रा चावला होता. पोटरीला टाके, इंजेक्शनांचा कोर्स, रात्रीची दचकून जाग. त्याची आई मला म्हणाली, ‘‘तुमची गली गोड असेलही. पण तो लिफ्टचं दार उघडायला घाबरतो, त्याचं मी काय करू?’’

यावर वाद घालता येतो का? मला तरी नाही आला. जगात रेबीजनं जे मृत्यू होतात, त्यातले एकतृतीयांशाहून जास्त भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. भीती उगाच नाही. मग आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. ते लिफ्टमध्ये असतील तर मी थांबायचं. शाळेच्या बसच्या वेळी गलीला खाली आणायचं नाही. लशीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचं लायसन्स यांची कॉपी सेक्रेटरी काकांकडे द्यायची. तळमजल्यावरच्या आजींनी मीटिंगमध्ये सांगितलं, ‘‘पोरगी स्वतःच्या हातानं घाण उचलते. आपली किती माणसं जिन्यात थुंकतात?’’ विषय संपला. घरमालक काकांनी एक महिन्याचं जादा डिपॉझिट घेऊन करार रिन्यू केला. डिपॉझिटसाठी नवा टीव्ही रद्द झाला. मॅच अजून जुन्याच टीव्हीवर बघतोय.

तो मुलगा अजून घाबरतो. मागच्या आठवड्यात त्यानं तिसऱ्या पायरीवर उभं राहून विचारलं, ‘‘ती बॉल आणते का?’’ म्हटलं, ‘‘आणते, पण परत देत नाही.’’ तो हसला आणि वर पळाला. सध्या एवढंच. घाई नाही.

दोन नोव्हेंबरची रात्र

३० ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग. आपल्या वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७! ती रडली, मी रडले, गलीनं माझा चेहरा चाटून पुसला. फायनलची तिकिटं ग्रुपनं मिळवली. माझं पण होतं.

मी गेले नाही. रूममेट गावाला गेली होती. दिवाळीत गलीचे काय हाल झाले ते मी पाहिलं होतं. कुत्र्याला आपल्या दुप्पट उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत, त्यांना पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आणि आपल्याला सहज कळणारा लांबचा फटाका त्यांच्यासाठी शेजारीच फुटल्यासारखा. आपण जिंकलो तर त्या रात्री काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पावसामुळं मॅच पाचला सुरू झाली. शफालीचे ८७, दीप्तीचं अर्धशतक, २९८ चा स्कोअर. लॉरा वोल्वार्ड्ट शतक करून उभी होती तोवर माझ्या पोटात गोळा. मग अमनजोतनं तो तीनदा उडालेला कॅच पकडला आणि मी ओरडणार तेवढ्यात तोंडावर हात ठेवला. गली झोपली होती. बाराच्या सुमारास हरमननं मागं पळत शेवटचा कॅच घेतला. बावन्न रननी वर्ल्ड कप! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते...

आणि खाली पहिला बॉम्ब फुटला.

गली बाथरूममध्ये, बादलीच्या मागं. पाय थरथरत होते, तोंडातून लाळ. मी दार लावून घेतलं, नळ थोडा सोडला, पाण्याचा आवाज चालू ठेवला आणि ओल्या फरशीवर तिच्या शेजारी बसले. मोबाइल म्यूटवर. हरमनप्रीतनं कप उचलला तो मी असा बघितला. आवाजाशिवाय, मांडीवर एक थरथरतं डोकं घेऊन. ग्रुपचे स्टेडियममधले फोटो येत होते. हेवा वाटला का? वाटला. पण मी उठले नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. आनंदाला आवाज हवाच. घसा फाटेपर्यंत ओरडा, थाळ्या वाजवा, रस्त्यावर येऊन नाचा. पण फटाका? त्यात आपलं काय असतं? माचिस सोडून काहीच नाही. जिंकलेल्या अकरा पोरींना तुमची माळ ऐकू जात नाही. ऐकू जातं ते बिल्डिंगमधल्या तान्ह्या बाळाला, आजोबांना आणि गाडीखाली लपलेल्या कुत्र्यांना.

मैदान कुणाचं?

फायनलनंतर पाचच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं आणि क्रीडासंकुलं इथली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यावीत, नसबंदी आणि लस झाल्यावरही त्याच जागी परत सोडू नयेत. गली घरी आल्यावर दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, दिल्लीबद्दलचा पहिला कडक आदेश आला होता. २२ ऑगस्टला तो सौम्य झाला. आता थेट मैदानांचं नाव.

त्याच संध्याकाळी मामांचा फोन. ‘‘ताई, हिच्या आईचं आन् भावाचं काय करायचं?’’

मी दोन्ही बाजू बघितल्यात. पोरं नेट्सला येतात, त्यांना चावण्याची भीती नको, हे शंभर टक्के मान्य. पण शेल्टर कुठं आहेत? किती आहेत? कुत्री उचलायला गाडी लागते, ठेवायला जागा लागते, रोज खाणं आणि डॉक्टर लागतो. २००१ पासून आपल्याकडे नसबंदीचे नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. ते आधीच नीट राबवले असते, तर ही वेळ आलीच नसती. पहिल्या सेशनमध्ये कॅच सोडायचे आणि शेवटच्या दिवशी अंपायरवर खापर फोडायचं, त्यातला प्रकार.

गलीच्या भावाला नेट्सवरच्या एका मुलाच्या आई-बाबांनी घरी नेलं. आईची नसबंदी झालीये, कानाला खूण आहे. मैदानाला आता पूर्ण कुंपण आहे आणि ती गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी असते. गली तिला ओळखते की नाही, कळत नाही. दोघी एकमेकींना हुंगतात, मग आई पुन्हा टपरीखाली जाऊन बसते. मी तिला बिस्किटं देऊन निघते. तिचं पुढं काय होईल, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एकच पट्टा आहे.

गारिंचाची निवड

शेवटी माझी सगळ्यात लाडकी स्टोरी. १० जून १९६२, चिली, फुटबॉल वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. एक कुत्रं मैदानात घुसलं आणि कुणाच्याच हाती लागेना. ब्राझीलचा जादूगार गारिंचालाही त्यानं चकवलं. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजनं गुडघ्यावर रांगत त्याला पकडलं. बक्षीस म्हणून कुत्र्यानं त्याच्या जर्सीवर सू केली. ब्राझील ३-१ जिंकलं, त्यातले दोन गोल गारिंचाचे. आणि त्या कुत्र्यावर गारिंचाचा इतका जीव जडला, की तो त्याला घरी घेऊन गेला. पुढं ब्राझीलनं कपही जिंकला. पण मला त्या कपापेक्षा हे चित्र जास्त आवडतं. जगातला सगळ्यात भारी ड्रिबलर आणि त्याला चकवून गेलेलं एक बेवारस कुत्रं, एकाच घरात.

मॅच-डे गाइड : नव्यानं कुत्रं आणलेल्या फॅनसाठी

* मोठ्या मॅचआधी दमवणारा राउंड. दमलेलं कुत्रं कमी घाबरतं. उन्हाळ्यात आधी हाताची मागची बाजू पाच सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार.
* फायनलच्या रात्री दारं-खिडक्या बंद, गळ्यात फोन नंबरचा टॅग. घाबरून पळालेली कुत्री फटाक्यांच्या रात्री हमखास हरवतात.
* लपलं तर लपू द्या. ओढून बाहेर काढू नका. शेजारी बसा.
* तुमच्या प्लेटमधलं चॉकलेट, कांद्याची भजी, मनुका घातलेला प्रसादाचा शिरा त्याला नाही म्हणजे नाही. हे त्याच्यासाठी विष आहे.
* पिल्लाच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास आणि मग दर वर्षी. तारखा आयपीएलच्या शेड्यूलच्या शेजारी चिकटवा.
* कोणतंही कुत्रं चावलं, अगदी घरातलं पिल्लू असलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे. हळद, चुना, मिरची काही लावू नका.
* कुत्रं दहा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे तीन-चार वर्ल्ड कप. एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट हवं असेल, तर ही टीम तुमच्यासाठी नाही.